दोन सभासदांची संस्था

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला फुटबॉल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तालमीचा संघ, पेठेचा अभिमान आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी ही आमची बाराखडी. म्हणून २०२३ च्या सप्टेंबरात अमेरिकेत शिकणाऱ्या भाचीचा फोन आला आणि ती म्हणाली, "मामा, आमच्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ वाळीत पडलाय," तेव्हा मी लगेच कान टवकारले. पहिली दहा मिनिटे आमचे काही जुळेना. तिचा फुटबॉल वेगळा होता. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचे, समोरच्याने त्याला आडवे पाडायचे, असा. पण "वाळीत पडलाय" हा शब्द मात्र तिने अगदी नेमका वापरला होता, हे पुढच्या दोन वर्षांत मला कळत गेले.

मी प्राध्यापक नाही. पंचवीस वर्षे सहकारी संस्थांचे हिशेब लिहिले, पोटनियम वाचले, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते तयार केली. इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून जे वाचता येईल ते वाचत राहिलो. या प्रकरणाकडे मी ओढला गेलो तो खेळामुळे नव्हे, तर पोटनियमांमुळे. एका संस्थेचे बारा सभासद होते. दहा निघून गेले, दोन उरले. आता संस्था कोणाची? तिची गंगाजळी कोणाची? आणि उरलेल्या दोघांनी जायचे तरी कुठे? हा प्रश्न आपल्या गावच्या दूध संस्थेतही पडू शकतो. तिथे तो अब्जावधी डॉलरच्या व्यवहारात पडला.

कॉन्फरन्स म्हणजे काय?

अमेरिकेतल्या विद्यापीठांचे संघ देशभर कुणाशीही, कसेही खेळत नाहीत. आठ, दहा, चौदा विद्यापीठे मिळून एक मंडळ करतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. हंगामात साधारण बारा सामने. त्यांतले आठ-नऊ आपल्या कॉन्फरन्समधल्या संघांशी. वेळापत्रक, पंच आणि अजिंक्यपद यांची व्यवस्था कॉन्फरन्स करते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळ्यांच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकून आलेला पैसा ती सभासदांत वाटते. म्हणजे कॉन्फरन्स ही एक विक्री संघच आहे. ऊस किंवा दुधाच्या जागी शनिवारचे सामने, एवढाच फरक.

हा पैसा आजच्याएवढा मोठा नेहमीच नव्हता. १९८४ पर्यंत कोणता सामना दूरचित्रवाणीवर दिसणार हे एनसीएए ही राष्ट्रीय संस्था ठरवत असे. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ही मक्तेदारी मोडीत काढली. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिला. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट तरुणपणी स्वतः नामवंत फुटबॉलपटू होते. या निकालानंतर हक्क विकण्याची मोकळीक विद्यापीठांना आणि त्यांच्या कॉन्फरन्सना मिळाली. तेव्हापासून प्रत्येक विद्यापीठाच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला आहे: आपण योग्य संघात आहोत ना? शेजारच्या संघात भाव जास्त मिळतो का?

पॅसिफिक किनाऱ्यावरचे घर

भाची शिकते ते वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ पुलमन नावाच्या गावात आहे. सिएटलपासून सुमारे साडेचारशे किलोमीटर आत, पलूस नावाच्या टेकड्यांच्या मुलखात. गहू आणि मसूर ही तिथली पिके. पुलमनला दर ऑगस्टमध्ये मसुरीचा उत्सव भरतो, हे ऐकून तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, भलताच आनंद झाला होता. गावाची लोकसंख्या सुमारे ३३ हजार. आणि विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमची क्षमताही सुमारे ३३ हजार. सामन्याच्या शनिवारी गावात दुसरे गाव उतरते असे ती म्हणते, ते या आकड्यांवरून पटते.

या विद्यापीठाचा सोबती म्हणजे ऑरेगन राज्यातल्या कोर्वॅलिसचे ऑरेगन स्टेट विद्यापीठ. दोन्ही शेतीविद्येच्या पायावर उभी राहिलेली सरकारी विद्यापीठे, दोन्ही मोठ्या शहरापासून दूर. दोघांनाही राज्यातच एक वजनदार भाऊ आहे: सिएटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ आणि यूजीनचे ऑरेगन विद्यापीठ.

या सर्वांचे जुने घर १९१५ च्या डिसेंबरात पोर्टलंड शहरात उभे राहिले. पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स हे त्याचे नाव. कॅलिफोर्निया (बर्कली), वॉशिंग्टन, ऑरेगन आणि आजचे ऑरेगन स्टेट हे चार संस्थापक. वॉशिंग्टन स्टेट १९१७ मध्ये आले, स्टॅनफर्ड १९१८ मध्ये. पुढे लॉस एंजेलिसची दोन मोठी विद्यापीठे, यूएससी आणि यूसीएलए, आली. त्याचबरोबर आयडाहो आणि माँटानाही आले.

आयडाहोचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. आयडाहो विद्यापीठ मॉस्को नावाच्या गावात आहे आणि ते पुलमनपासून जेमतेम १३ किलोमीटरवर, राज्याच्या सीमेपलीकडे आहे. भाची भाडे परवडते म्हणून मॉस्कोत राहते आणि शिकायला पुलमनला जाते.

१९५० च्या दशकात खेळाडूंना चोरून पैसे दिल्याची प्रकरणे बाहेर आली. दंड झाले, भांडणे झाली आणि १९५९ मध्ये ती कॉन्फरन्स विसर्जित करण्यात आली. लगेच पाच बड्या विद्यापीठांनी नवी संघटना काढली. तिच्यात वॉशिंग्टन स्टेट नव्हते, दोन्ही ऑरेगन नव्हती, आयडाहो नव्हते. वॉशिंग्टन स्टेटला तीन वर्षांनी, १९६२ मध्ये, आत घेतले. दोन्ही ऑरेगनना १९६४ मध्ये. आयडाहोला कधीच घेतले नाही. ते १९६३ मध्ये बिग स्काय या लहान कॉन्फरन्सचे संस्थापक सभासद झाले, नंतर वर चढायचा प्रयत्न केला आणि अखेर २०१८ मध्ये त्यांनी स्वतःहून फुटबॉलची वरची श्रेणी सोडून खालची पत्करली.

पुलमन आणि मॉस्को. एकाच मातीतली, एकच पीक घेणारी, १३ किलोमीटर अंतरावरची दोन गावे. एकाला १९६२ मध्ये दार उघडले, दुसऱ्याला नाही. पुढची साठ वर्षे दोघांचे नशीब त्या एका दाराने ठरवले. पुलमनचे लोक २०२३ मध्ये का हादरले, ते समजायला ही गोष्ट पुरेशी आहे. आपले काय होऊ शकते हे त्यांना रोज सीमेपलीकडे दिसत होते.

घर कसे रिकामे झाले

ती नवी संघटना १९६८ मध्ये पॅक-८ झाली. १९७८ मध्ये ॲरिझोनाची दोन विद्यापीठे आल्यावर पॅक-१० आणि २०११ मध्ये कोलोरॅडो व यूटा आल्यावर पॅक-१२. त्याच वर्षी आयुक्त लॅरी स्कॉट यांनी ईएसपीएन आणि फॉक्स यांच्याशी बारा वर्षांचा, सुमारे ३०० कोटी डॉलरचा करार केला. तो तेव्हा विक्रमी मानला गेला. २०१२ मध्ये कॉन्फरन्सने स्वतःच्या मालकीची वाहिनीही काढली. पण तिला देशभर पुरेसे प्रेक्षक कधी मिळाले नाहीत. इतर कॉन्फरन्स पुढे गेल्या.

३० जून २०२२ रोजी यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले. बिग टेन हे मूळचे मध्य-पश्चिमेतले मंडळ. दोनच महिन्यांत त्याने सात वर्षांसाठी सुमारे ७०० कोटी डॉलरचा प्रक्षेपण करार केला. लॉस एंजेलिसची बाजारपेठ गेल्यावर पॅक-१२ कडे विकायला उरले ते कमी किमतीचे. तरी संचालक मंडळ जास्त भावासाठी अडून बसले, आणि मधल्या काळात बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्सने त्यांच्या आधी आपला करार उरकून घेतला. सौदा लांबला की माल पडून राहतो, हे आपल्या बाजार समितीत बसलेला कुणीही सांगेल.

जुलै २०२३ च्या अखेरीस कोलोरॅडो बाहेर पडले. १ ऑगस्टला आयुक्त जॉर्ज क्लियाव्कॉफ यांनी ॲपल कंपनीचा प्रस्ताव सभासदांसमोर ठेवला. खात्रीची रक्कम बेताची आणि वर्गणीदार वाढले तर जास्त, असा. ४ ऑगस्टला, एका शुक्रवारी, वॉशिंग्टन आणि ऑरेगन बिग टेनकडे गेले, आणि ॲरिझोनाची दोन्ही व यूटा बिग ट्वेल्व्हकडे. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी आधार शोधला तो अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठे अटलांटिकच्या मंडळात. तेही सुरुवातीची काही वर्षे कमी वाटा घेऊन.

उरले दोघे. भाचीचा फोन आला तो याच दिवसांत.

एक पोटनियम

आता माझ्या आवडीचा भाग. जाणारे दहा जण २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत कागदोपत्री सभासदच होते. मंडळाच्या बैठकीत दहा विरुद्ध दोन मते. त्यांनी ठराव केला असता तर संस्था विसर्जित करून शिल्लक वाटून घेता आली असती.

पण पोटनियमांत एक कलम होते. १ ऑगस्ट २०२४ पूर्वी जो सभासद बाहेर पडण्याची सूचना देईल, त्याचा प्रतिनिधी संचालक मंडळातून आपोआप बाद होईल. जाणाऱ्यांचे म्हणणे असे की, हे कलम त्या तारखेच्या आत प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्यांना लागू आहे. आम्ही त्यानंतर जातो आहोत. वाचले तर तसाही अर्थ लावता येईल. मात्र २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए यांनी जाण्याचे जाहीर केले, तेव्हा याच मंडळाने याच कलमाखाली त्यांना बैठकीबाहेर बसवले होते. तीही दोघे २०२४ मध्येच जाणार होती. कोलोरॅडोलाही तोच न्याय लावला होता. म्हणजे स्वतःच लावलेला अर्थ आता स्वतःला नको झाला होता.

दोन विद्यापीठे व्हिटमन काउंटीच्या न्यायालयात गेली. हे न्यायालय कोलफॅक्स या छोट्या गावात, त्याच गव्हाच्या टेकड्यांत आहे. १४ नोव्हेंबर २०२३ रोजी न्यायाधीश गॅरी लिबी यांनी उरलेल्या दोघांच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला. डिसेंबरात वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. पुढे तडजोड झाली. संस्था, तिचे नाव आणि तिची शिल्लक दोघांकडे राहिली. अर्थात तिची देणीही.

मी हिशेब लिहिलेल्या एका दूध संस्थेत एकदा असेच घडले होते. निम्मे सभासद दुसरीकडे दूध घालू लागले आणि वार्षिक सभेला मात्र राखीव निधी वाटून घ्या म्हणायला आले. त्या रात्री मी पोटनियमांचे पिवळे पुस्तक तीनदा वाचले होते. कोलफॅक्सची बातमी वाचताना ते पुस्तक आठवले. गेलेल्या माणसाचा घरावर हक्क किती, हा प्रश्न कुठेही सोपा नसतो.

तराजूत काय काय होते

आता खरा निर्णय. दोघांनी कुठे जायचे? एनसीएएच्या नियमाप्रमाणे वरच्या श्रेणीतल्या फुटबॉल कॉन्फरन्सला किमान आठ सभासद लागतात. संख्या घटली तर दोन वर्षांची सवलत मिळते. म्हणजे २०२४ आणि २०२५ हे दोन हंगाम हातात होते.

पहिली वाट मोठ्या कॉन्फरन्सची. पण तिथून बोलावणेच नव्हते. दुसरी वाट अमेरिकन या कॉन्फरन्सची. तिच्याकडे पैसा थोडा बरा, पण तिचे सभासद दूर पूर्वेला आणि दक्षिणेला. फुटबॉलचा संघ वर्षातून पाच-सहा वेळा विमानाने जाईल. पण व्हॉलीबॉलच्या, सॉकरच्या मुलींनी मधल्या वारी अर्धा देश ओलांडून परत वर्गात कसे बसायचे? तिसरी वाट माउंटन वेस्टची. शेजारपाजारची विद्यापीठे, प्रवास आवाक्यातला. पण तिथे सभासदामागे प्रक्षेपणाचे उत्पन्न सुमारे ४० लाख डॉलर असल्याचे छापून येत होते. बिग ट्वेल्व्हचा त्याच काळातला आकडा ३ कोटींच्या वर होता. चौथी वाट म्हणजे जुनेच घर राखायचे आणि त्यात नवे सभासद आणायचे.

वरवर पाहता चौथी वाट हट्टाची वाटते. हिशेब मांडला तर तशी नाही. जुन्या कॉन्फरन्सच्या नावाला किंमत होती. बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत सभासदांनी मिळवलेला पैसा पुढची सहा वर्षे हप्त्याने येत राहतो, तो संस्थेच्या नावे येणार होता. दोघे माउंटन वेस्टमध्ये गेले असते तर हे सारे जवळजवळ सोडून द्यावे लागले असते. शिवाय २०२४ पासून राष्ट्रीय अजिंक्यपदाची फेरी बारा संघांची झाली, आणि तिच्यात सर्वांत वरच्या मानांकनाच्या पाच कॉन्फरन्स-विजेत्यांना जागा होती. बड्या कॉन्फरन्स चारच उरल्या. म्हणजे पाचवे दार बाकी सगळ्यांसाठी उघडे. २०२४ मध्ये माउंटन वेस्टचा विजेता बॉइसी स्टेट त्याच दाराने आत गेला. लहानांमध्ये मोठे व्हायचे असेल तर त्यासाठी घर स्वतःचे असलेले बरे.

म्हणून दोघांनी वेळ विकत घेतला. २०२४ च्या हंगामात माउंटन वेस्टच्या संघांशी प्रत्येकी सहा सामने खेळायचा करार केला. त्यासाठी मिळून सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर मोजल्याचे प्रसिद्ध झाले. बहुतेक इतर खेळांसाठी वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सकडे दोन वर्षांचा आसरा घेतला. सिएटलच्या भावाशी होणारा जुना सामना, ॲपल कप, पाच वर्षांसाठी चालू ठेवायचा ठरला. मात्र नोव्हेंबरच्या थंडीतला तो सामना सप्टेंबरात आला. १४ सप्टेंबर २०२४ रोजी सिएटलमध्ये पुलमनने तो २४-१९ असा जिंकला. भाचीने सामना संपताच, म्हणजे आमच्या पहाटे, मला फोन करून उठवले.

वाळीत पडलेल्याने कोणाला वाळीत टाकले

गोष्ट इथे थांबली असती तर मी ती आनंदाने सांगितली असती. पण त्या सामन्याच्या दोनच दिवस आधी, १२ सप्टेंबरला, पॅक-१२ ने बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट आणि सॅन डिएगो स्टेट २०२६ पासून आपल्याकडे येत असल्याचे जाहीर केले. चारही माउंटन वेस्टची. पाठोपाठ यूटा स्टेटही. म्हणजे ज्या शेजाऱ्याने अडचणीत सामने दिले, त्याच्याच घरातले पाच कर्ते सभासद यांनी उचलले.

सामन्यांच्या करारातच माउंटन वेस्टने एक अट घालून ठेवली होती: आमचे सभासद नेलेत तर प्रत्येकामागे दंड. पाच जणांचा मिळून दंड सुमारे साडेपाच कोटी डॉलर होत होता. पॅक-१२ ने ती अट बेकायदा ठरवावी म्हणून कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात दावा लावला. वर्षापूर्वी पोटनियमाच्या शब्दाशब्दावर उभे राहून न्याय मागणारे आता स्वतःच सही केलेल्या अटीतून सुटका मागत होते.

मी भाचीला हे बोलून दाखवले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, तुम्ही मॉस्कोत राहून बघा." तिला काय म्हणायचे होते ते मला कळले. आयडाहोने कुणाचे काही घेतले नाही आणि आयडाहोला कुणी काही दिलेही नाही. तरी मला वाटते, माउंटन वेस्टमध्ये मागे राहिलेल्यांचीही कुणी तरी भाची असेल.

यानंतरची जुळणीही सोपी गेली नाही. मेम्फिस, टुलेन यांसारख्या विद्यापीठांनी निमंत्रण नाकारून आहे तिथेच राहणे पसंत केले. गोन्झागा आले, पण त्यांच्याकडे फुटबॉलच नाही. आठवा फुटबॉल सभासद मिळाला तो २०२५ च्या जूनअखेरीस: टेक्सास स्टेट. त्याच महिन्यात सीबीएसशी नवा प्रक्षेपण करारही झाला. नवे घर सुरू होण्याची तारीख १ जुलै २०२६ ठरली.

मधल्या काळातली किंमत मात्र मोजून झाली आहे. दोन्ही ठिकाणचे प्रशिक्षक मोठ्या जागी गेले. पुलमनचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि २०२५ च्या व्यावसायिक निवडीत देशात पहिला ठरला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ज्याच्याकडे आहे तो देणार. त्याच जूनमध्ये वॉशिंग्टन स्टेटने ॲथलेटिक्समधले उड्या-फेकीचे प्रकार बंद करून मुख्यतः लांब पल्ल्याच्या धावण्यावर लक्ष द्यायचे ठरवले. फुटबॉलचे उत्पन्न आटले की पहिली झळ पोहोचते ती गोळा फेकणाऱ्या मुलीला. तिचा फोटो कुठल्याच करारावर नसतो.

कोणत्या कॉन्फरन्समध्ये जावे, या प्रश्नाला दिसायला आकडे असतात. पण दोन वर्षे कागद चाळून मला वाटते, मुळात तो शेजाराचा प्रश्न आहे. दर वर्षी कोणाशी भिडायचे, कोणाच्या गावी जायचे, कोणाला आपल्या गावी बोलवायचे. आमच्या पेठांना हे कधी ठरवावे लागले नाही. समोरची पेठ समोरच असते. पुलमनला ते शंभर वर्षांनंतर नव्याने ठरवावे लागले.

२०२५ च्या हंगामात पॅक-१२ मध्ये अजून दोनच सभासद होते. वेळापत्रकात जागा भरायची म्हणून दोघे एकमेकांशी दोनदा खेळले: १ नोव्हेंबरला कोर्वॅलिसला आणि २९ नोव्हेंबरला पुलमनला. भाचीने दुसऱ्या सामन्याचे तिकीट काढून ठेवले होते. मॉस्कोहून ती सायकलने जाणार म्हणत होती. थंडी फार असेल, बसने जा, असे मी सांगितले होते.